चौथा आधीच जागा आहे

हे खरं आहे म्हणून मी कुणाच्या गळ्याची शपथ घेणार नाही. शपथा घेणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास नाही. एवढंच सांगते, की ज्यांच्याबद्दल हे लिहिते आहे ते आत्ता भिंतीपलीकडच्या खोलीत खुर्चीवर बसलेले आहेत. म्हणून हळूच टाइप करते आहे.

आणि आधीच सांगते, रात्र नव्हती.

भूत म्हटलं की अंधार, वारा, रडणारं कुत्रं... तसलं काही नाही. सुरुवात झाली एका गुरुवारी भर दुपारी. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत ड्रिल मारत होतं. बाल्कनीत धुतलेल्या चादरी वाळत होत्या. खाली कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती आणि तो माणूस तिला शिव्या घालत होता.

अशा वेळी माणूस बेसावध असतो.

पण आधी बाबांबद्दल सांगायला हवं.

बाबा फर्मवेअर लिहायचे. हॉस्पिटलात पलंगाशेजारी जी यंत्रं असतात ना, नाडी आणि श्वास दाखवणारी, ती बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. पुढे मीही तिथेच लागले, पण कर्नेलच्या बाजूला. आईला कितीतरी दिवस वाटत होतं की मी सैन्यातल्या कुणा साहेबाच्या हाताखाली आहे.

ज्यांना हे शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी सोपं करून सांगते. यंत्राचं बटण दाबलं की सगळ्यात आधी फर्मवेअर जागं होतं. ते दिवे लावतं, दारं उघडतं, किल्ल्या कमरेला खोचतं. मग कर्नेल येतं आणि आल्याआल्या म्हणतं, आता घर माझं. थोडक्यात फर्मवेअर ही सासू आणि कर्नेल ही सून. कुठलं भांडं कुठे ठेवलंय हे सासू सांगत नाही, आणि सून विचारत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी भांडणं याच्यावरच होतात.

आमच्या घरात सासू म्हणजे बाबा आणि सून म्हणजे मी. ते मला चिडवायला सूनबाईच म्हणायचे. "काय सूनबाई, आज माझी कुठली भांडी फोडलीत?" जेवताना आमची अशी जुंपायची की आई ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायची.

त्या यंत्रातल्या चिपमध्ये चार कोअर असतात. चार कामकरी समजा. बटण दाबल्यावर त्यातला एकच आपणहून उठतो. बाकीचे तिघे झोपलेले. मग कर्नेल फर्मवेअरला एकेकाचं नाव सांगतं, आता याला उठव, आता त्याला उठव. तेव्हा कुठे घर चालू होतं.

"आधी एकानेच उठायचं असतं," बाबा म्हणायचे. "सगळे एकदम उठले की संडासापुढे मारामारी."

स्वतः बाबांना उठवणं मात्र कुणाच्या बापाला जमलं नाही. पहिल्या हाकेला उत्तर नाही. दुसऱ्या हाकेला नाही. तिसऱ्या हाकेला, डोळे मिटलेलेच ठेवून, शांतपणे:

"जागाच आहे मी. बहिरा नाही झालो अजून."

"मग पहिल्या हाकेला ओ द्यायला काय होतं तुम्हाला?" आई चिडून विचारायची.

"पहिल्या हाकेला कुत्रं उठतं."

हे वाक्य लक्षात ठेवा.

मागच्या वर्षी बाबांच्या मेंदूत गुठळी झाली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा श्वास होता, नाडी होती, आणि बाकी काहीच नव्हतं. डोळे मिटलेले. नळीने खाणं. हाक आत पोचते की नाही हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. "बोलत राहा त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

आई बोलत राहिली. पेपर वाचून दाखवायची. जुनी भांडणं पुन्हा उकरून काढायची, म्हणजे निदान चिडून तरी उठतील. तिला एवढंच हवं होतं, की या माणसाने एकदा डोळे उघडावेत. मलाही तेच हवं होतं. माझं भांडण अर्धवट राहिलं होतं, आणि समोरचा माणूसच उठून गेल्यासारखा झाला होता.

मी भाड्याची खोली सोडली आणि घरी राहायला आले. बाबांची कामाची खोली माझी झाली. तेच टेबल, तेच सोल्डरचे डाग, तीच एक पाय छोटा असलेली खुर्ची. भिंतीच्या पलीकडे त्यांचा पलंग. भिंत पातळ आहे. त्यांच्या श्वासाची बारीक घरघर मला दिवसभर ऐकू यायची.

आधी त्रास व्हायचा. मग सवय झाली. मग असं झालं की तो आवाज आहे म्हणूनच काम सुचायचं.

काम होतं बाबांच्याच जुन्या फर्मवेअरवर नवं कर्नेल बसवायचं. टेबलावर त्यांचाच जुना बोर्ड होता, पंजाएवढी हिरवी पाटी, वर मधोमध काळी चिप. वीज दिली. फर्मवेअर उठलं. कर्नेल आलं. पहिला कोअर जागा. दुसरा उठला. तिसरा उठला.

चौथ्याला हाक मारली...

फर्मवेअरचं उत्तर आलं: आधीच जागा आहे.

मी पुन्हा वाचलं. असं उत्तर येऊ शकतं, पुस्तकात लिहिलेलं असतं. पण त्याचा अर्थ असा, की याला तुझ्याआधीच कुणीतरी उठवलं आहे. तो कामावर आहे. तुझ्याकडे येणार नाही.

कुणी उठवलं?

ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन लावला. त्याला आम्ही चष्मा म्हणतो, कारण तो झोपतानाही काढत नसावा.

"सासूने एका पोराला परस्पर बाजारात पाठवलेलं दिसतंय," चष्मा हसत म्हणाला. "अगं, काकांनाच विचार ना सर..."

तो मधेच थांबला. मग म्हणाला, "सॉरी. जीभ सैल सुटली."

मी बाबांचं फर्मवेअर उघडून ओळ न् ओळ वाचलं. चौथ्याला त्यांनी बाजूला एका कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. समोर एक पेटी. पेटीत कुणी पत्ता टाकला तर तिकडे जा, नाही टाकला तर डुलकी काढ, मग पुन्हा पेटी बघ. बस्स. दुसरं काही काम नाही. असा नुसता वाट बघणारा कोअर गार असतो.

मी चिपवर बोट ठेवलं.

चटका बसला.

कर्नेल बंद केलं. नुसतं फर्मवेअर चालू ठेवलं. घरात कुणी नाही, कुणाला काही काम नाही. थोडा वेळ थांबून पुन्हा बोट लावलं... तितकीच गरम. चौथा कोपऱ्यात बसून काहीतरी करत होता. आणि ते काम त्याला कुठल्याही ओळीत दिलेलं नव्हतं.

आता आमच्या कामाची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच आहे. कर्नेल उठत नसलं की आम्ही एक ओळ बदलतो आणि बोर्डावरचं बटण दाबून तो रीसेट करतो, म्हणजे पहिल्यापासून सुरू. पुन्हा एक ओळ, पुन्हा रीसेट. दिवसभर. बोटाला बटणाची इतकी सवय होते की चहाचा कप उचलतानाही अंगठा हलतो. त्या दिवसांत मी किती वेळा ते बटण दाबलं असेल, हे मला आठवायचंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात आई दारात येऊन उभी राहिली. "अगं, यांचा श्वास मधूनमधून अडतो. एकदम थांबतो. माझं काळीज हातात येतं. मग आपोआप सुरू होतो."

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. अशा आजारात असं होतं म्हणाल्या. पण वाढतंय म्हणाल्या. एखाद्या वेळी थांबेल आणि पुन्हा सुरू होणार नाही, मनाची तयारी ठेवा.

आई त्या दिवशी जेवली नाही.

आणि मग तो गुरुवार.

वरचं ड्रिल चालू होतं, त्यामुळे भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. मी ओळ बदलली. बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात ड्रिल थांबलं.

घरघर ऐकू आली. आत. बाहेर. आत...

मी बटण दाबलं.

घरघर थांबली.

स्क्रीन काळी. भिंतीपलीकडे काहीच नाही. आईच्या बांगड्या वाजल्या. "अहो! अहो, श्वास घ्या ना!"

मग स्क्रीनवर फर्मवेअरची पहिली ओळ उमटली...

आणि भिंतीपलीकडे श्वास आत ओढल्याचा मोठा आवाज आला. पाण्यातून वर आलेला माणूस ओढतो तसा.

मी हसले. खरंच हसले, कारण माणूस आधी हसतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, म्हटलं. जरा वेळ जाऊ दिला. मग पुन्हा बटण दाबलं. खात्री करायला. आमचा धंदाच तो, एकदा झालं तर योगायोग म्हणतो, पुन्हा झालं तर शोधतो.

घरघर थांबली.

"अगं ये गं इकडे! पुन्हा!" आई ओरडली.

मी जागची हलले नाही. स्क्रीनकडे बघत राहिले. माझे बाबा भिंतीपलीकडे श्वासाविना पडले होते आणि मी काळ्या स्क्रीनकडे हात जोडून बसले होते. पहिली ओळ आली. श्वास आला.

त्यानंतर मी त्या बटणाला हात लावलेला नाही... म्हणजे बरेच दिवस नाही.

तेव्हाच बाजारात जाऊन युपीएस आणला. वीज गेली तरी बोर्ड बंद पडता कामा नये. बटणावर पुठ्ठ्याची टोपी चिकटवली. आईला सांगितलं, या खोलीत झाडू मारू नकोस, मी मारीन.

त्या दिवसापासून बाबांचा श्वास एकदाही अडला नाही.

डॉक्टरीणबाई खूश. आई खूश. मी दादाला फोन केला. माझा मोठा भाऊ, दुसऱ्या गावी असतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तू झोपतेस ना नीट?"

"दादा, मी चेष्टा करत नाहीये."

"मीपण नाही. लहानपणी तुला वाटायचं फ्रिजमधला दिवा विझवायला आत माणूस बसलेला असतो. तू रात्री फ्रिज उघडून त्याला गुड नाईट म्हणायचीस. आता हे."

मी फोन ठेवला.

चष्म्याला मात्र मी खरं कारण सांगितलं नाही. लाज वाटली. एवढंच म्हटलं, "माझ्या टेबलावरचा बोर्ड रिबूट करू नकोस. काहीही झालं तरी." आमच्याकडे कुणाच्याही टेबलावरचा बोर्ड ऑफिसात बसून चालवता येतो. नेटवर्कची केबल काढली असती तर प्रश्नच मिटला असता. पण त्या बोर्डाला जोडलेलं काहीही काढायची मला भीती वाटत होती. काय काढल्यावर काय थांबेल, कुणी सांगावं?

एका दुपारी आईने मला बाबांच्या औषधांना पाठवलं. दुकानात गर्दी होती. पुढच्या आजोबांचं सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी वाजलं होतं. खिशातला फोन थरथरला.

चष्म्याचा मेसेज.

"चौथा उठला!!! चारही कोअर चालू! रिबूट केलं नाही हं, तू म्हणाली होतीस म्हणून. चालत्या बोर्डावरच त्याच्या पेटीत आपल्या कर्नेलचा पत्ता टाकला आणि हाक मारली. हातातलं सगळं सोडून मुकाट्याने आला बिचारा."

हातातलं सगळं सोडून.

मी धावले. पिशवी कुठे पडली मला माहीत नाही. रस्त्यात कुणीतरी "अहो ताई!" म्हणून ओरडलं. जिन्यात चप्पल सुटली. दाराशी पोचले, किल्ली लागेना, आणि दाराला कान लावला तर...

घरघर नव्हती.

आईच्या हुंदक्यांचा आवाज येत होता.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आत जाऊन बघायचं धाडस होईना. मला फक्त एवढंच वाटत होतं, की मी चष्म्याला सगळं सांगायला हवं होतं, वेडी म्हणाला असता तर म्हणाला असता.

दार आतून उघडलं. आई रडत होती आणि हसत होती.

"अशी काय बसलीस? आत ये. बघ तरी..."

बाबा पलंगावर बसले होते.

ताठ. पाठीला उशी नाही. डोळे उघडे. समोरच्या भिंतीकडे बघत होते. आईकडे नाही, दाराकडे नाही.

"बाबा?"

"हो."

माझा शब्द पुरा व्हायच्या आत उत्तर आलं होतं.

पुढचे दिवस घरात नुसता आनंद होता. क्वचित होतं असं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या शिकाऊ डॉक्टरांना आणून बाबांना दाखवलं. नळी निघाली. बाबा चालायला लागले. दादा बायकोला घेऊन आला, बाबांना मिठी मारून लहान पोरासारखा रडला. सगळ्या नातेवाइकांना त्याने स्वतः फोन लावले.

मीही रडले. मला वाटलं, चला, माझंच डोकं फिरलं होतं.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं.

बसा म्हटलं की बसतात. उठा म्हटलं की उठतात. जेवा म्हटलं की जेवतात. एकदा आईचा फोन आला आणि ती बोलत बोलत बाल्कनीत गेली. मी आले तेव्हा ताट कधीच संपलं होतं. बाबांचा चमचा रिकाम्या ताटातून तोंडाकडे जात होता. ताटातून तोंडाकडे. ताटातून तोंडाकडे.

"पुरे, बाबा."

"हो."

चमचा खाली.

काम नसलं की ते खुर्चीत बसतात. डोळे अर्धे मिटलेले. टीव्ही चालू असला काय आणि बंद असला काय. पेपर समोर धरला तर धरतात, पान उलटत नाहीत. हाक मारली की डोळे उघडतात. पहिल्या हाकेला. प्रत्येक वेळी पहिल्या हाकेला.

मी एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, तुमच्या फर्मवेअरमध्येच घोळ होता. माझं कर्नेल बरोबर होतं. तुम्हाला कधी जमलंच नाही ते."

असं आधी म्हटलं असतं तर त्यांनी चप्पल शोधली असती.

"हो," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिले. सूनबाई म्हणतील, खोटं खोटं रागावतील. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांच्या नजरेत माझ्यासाठी काहीच नव्हतं. पुढचं काय सांगतेस, एवढंच होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

दादाशी बोलून पाहिलं. तो भडकला. "मरणाच्या दारातून माणूस परत आलाय. जरा शांत झालाय, तर तुला तेही खुपतं? तुला भांडायला मिळत नाही म्हणून बाबा बाबा नाहीत?"

कदाचित तोच बरोबर असेल, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही कधीकधी वाटतं. तेवढाच आधार.

बोर्ड टेबलावर चालूच होता. चिप आता गार असायची. चौथा शहाण्यासारखा वागत होता. काम दिलं की करायचा, नसलं की झोपायचा. बोर्ड बंद करून टाकायचं धाडस मात्र मला होत नव्हतं.

शेवटी ते आपोआपच झालं. परवा परवा दुपारी इमारतीची वीज गेली, बराच वेळ आली नाही, आणि युपीएसने मान टाकली. माझ्या डोळ्यांदेखत बोर्डाचा दिवा विझला.

मी किंचाळत शेजारच्या खोलीत गेले. बाबा खुर्चीत होते. श्वास चालू होता. शांत, एकसारखा. काहीही झालं नव्हतं.

मी जमिनीवर बसून हसले. वेड्यासारखी. सुटलो, म्हटलं. वीज आली. बोर्ड आपोआप सुरू झाला. मी खोलीत परत येऊन सवयीने स्क्रीनकडे बघत उभी राहिले. फर्मवेअर उठलं. कर्नेल आलं. दुसरा उठला. तिसरा उठला. चौथ्याला हाक गेली...

"हो."

भिंतीपलीकडून.

"आई, तू हाक मारलीस का बाबांना?"

"मी कशाला? मी इथे बाल्कनीत आहे."

पुठ्ठ्याची टोपी मी स्वतःच्या हाताने काढली. बटण दाबलं. दुसरा. तिसरा. चौथा.

"हो."

मी बोर्डाची वायर उपटली. भिंतीला पाठ लावून बसून राहिले. पलीकडे खुर्ची एकदा करकरली आणि मग सगळं गप्प झालं.

त्या संध्याकाळी आई आणि मी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ती मधेच थांबली.

"पहिल्या हाकेला कुत्रं उठतं म्हणायचे ना गं?"

मी माझी दोन टोकं तिच्या हातात दिली.

"मी आता हाक मारतच नाही त्यांना," आई म्हणाली. "जवळ जाते, हाताला धरते आणि उठवते. हाक मारली की ते ज्या पद्धतीने येतात ना... मला भीती वाटते. देवाजवळ मागितलं ते मिळालं, आणि मला भीती वाटते. कुणाला सांगू?"

तिने घडी पुरी केली आणि आत गेली.

इथे हे संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं. आजारपणाने माणूस बदलतो, असं म्हणून गप्प बसले असते.

पण या आठवड्यात ऑफिसात नवे बोर्ड आले. कारखान्यातून थेट. बंद पिशव्यांतले, वीज कधी न बघितलेले. चष्म्याने त्यांच्यावर बाबांचं जुनंच फर्मवेअर चढवलं. आणि दुपारी त्याचा फोन आला.

"अगं गंमत ऐक. सगळे बोर्ड ठीक आहेत, एक सोडून. एकावर पुन्हा तोच प्रकार. चौथा म्हणतो, आधीच जागा आहे."



"चिपला हात लावून बघ," मी म्हटलं.

"आई गं!" थोड्या वेळाने तो ओरडला. "तापलीये की! टाकू का पेटीत पत्ता? दोन मिनिटांचं काम..."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की आई धावत आली. "बंद करू नकोस, रिबूट करू नकोस, काही टाकू नकोस. मी येते आहे."

बॅटरीसकट तो बोर्ड मांडीवर घेऊन, टॅक्सीने, मी घरी आणला. या वेळी मी चष्म्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "पण सोमवारी नवं कर्नेल बाहेर पडतंय. आपला तो इलाज त्यात आहे. यापुढे जिथे जिथे असा चौथा सापडेल, तिथे तो आपोआप ओढून आणला जाईल. थांबवायला गेलो तर कारण काय देऊ? तू सांग."



म्हणजे बाबा त्या चौथ्यात असतील, तर यापुढे त्यांना कुठल्याही यंत्रात जागा नाही. हा एकच बोर्ड राहिला.

तो आत्ता माझ्यासमोर आहे. नवा मोठा युपीएस आणलाय. केबल कुठलीच लावलेली नाही. मधूनमधून बोट ठेवून बघते. गरम आहे. कशात गुंतलाय, मला माहीत नाही. त्याला परत कसं आणायचं, हे बाबांनाच विचारायला हवं होतं.

थोड्या वेळापूर्वी मी बोर्डाजवळ तोंड नेलं आणि अगदी हळू म्हटलं, "बाबा."

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला.

"हो."

बोर्ड गप्प होता.

मी डोळे मिटले आणि पुन्हा म्हटलं, "बाबा."

"हो," भिंतीपलीकडून.

बोर्ड गप्प.

तेव्हापासून मी इथे बसून हे लिहिते आहे. आईने दोनदा चहाला बोलावलं, मी गेले नाही. बोर्डाला माझ्या दोन हाका झाल्यात. इतक्या वर्षांत त्यांनी दुसऱ्या हाकेला कधी ओ दिलेली नाही, हे मला माहीत आहे.

तिसरी मारायची माझी हिंमत होत नाही.